अँबेजिस : एका विसरलेल्या शब्दाची आडवळणे

आजचा धागा एका शब्दाविषयी आहे. शब्द इंग्रजी आहे, परंतु आज इंग्रजी बोलणाऱ्यांपैकीही फार थोड्यांच्या ओळखीचा आहे : 'अँबेजिस'. मोठ्या कोशांत तो अजून सापडतो. शेजारी 'जुना प्रयोग' अशी खूण असते आणि अर्थ दिलेला असतो : आडवळणाचे बोलणे, शब्दांचा वळसा, थेट न सांगता फिरवून सांगण्याची रीत.

एलिझाबेथकालीन इंग्लंडवरील एका निबंधासाठी वाचन करीत असताना मला हा शब्द भेटला आणि गेले काही महिने त्याने माझा पिच्छा सोडलेला नाही. कारण असे, की कोशातील अर्थ हा त्याचा उतारवयातील अर्थ आहे. तरुणपणी या शब्दाचा रोख पाल्हाळावर नव्हता. जे उघड बोलणे शक्य नाही, किंवा शक्य असले तरी सुरक्षित नाही, ते वळणांत गुंडाळून पोहोचवणे, असा त्याचा रोख होता. हे दोन अर्थ ऐकायला शेजारचे वाटतात. इतिहासाचे साधन वाचायला बसले, की मात्र त्यांच्यात फार मोठे अंतर पडते, आणि माझा सारा रस त्या अंतरात आहे.

प्रथम व्युत्पत्ती, कारण तिथे आपल्या ओळखीची माणसे भेटतात. लॅटिनमध्ये हा शब्द 'अम्बागेस' असा उच्चारला जाई. स्त्रीलिंगी आणि जवळजवळ नेहमी अनेकवचनी. 'अम्बि' म्हणजे भोवती, 'अगेरे' म्हणजे हाकणे, चालवणे. भोवतीभोवती हाकत नेणे, हा मूळचा अर्थ. 'अम्बि'चे संस्कृतातील भावंड म्हणजे 'अभितः', आणि 'अगेरे'चे भावंड म्हणजे 'अज्' हा धातू. याच 'अज्'ला 'सम्' हा उपसर्ग लागून 'समाज' हा शब्द सिद्ध होतो : एकत्र हाकून आणलेले, एकत्र जमलेले. म्हणजे आपण दिवसातून दहा वेळा जो 'समाज' उच्चारतो, तो या विस्मृत इंग्रजी शब्दाचा दूरचा चुलतभाऊ आहे. 'संदिग्ध' या अर्थाचा इंग्रजी 'अँबिग्युअस' तर अगदी सख्खा. त्याच दोन तुकड्यांचा बनलेला. गॉलमधील सरदारांच्या पदरी असलेल्या माणसांसाठी ज्यूलियस सीझर 'अम्बाक्टस' हा केल्टिक शब्द वापरतो. तोही याच कुळातला, आणि त्याच्यापासून बऱ्याच वळणांनी राजदूत या अर्थाचा 'अँबॅसेडर' आला. राजदूत आणि आडवळणाचे बोलणे एका घरचे निघावेत, याचा मुत्सद्दी मंडळींनी राग मानू नये.

आता रोमकडे. तिथे 'अम्बागेस' प्रथम वाटेविषयी बोलताना येतो. व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात नायक क्यूमी येथील अपोलोच्या मंदिरापाशी येतो. मंदिराच्या दारांवर क्रीटच्या चक्रव्यूहाची कथा कोरलेली आहे आणि त्या वास्तूतील फसव्या वळणांसाठी व्हर्जिलने हाच शब्द योजला आहे. ती वळणे ज्याने रचली त्या डेडलसनेच, राजकन्येची दया येऊन, एका धाग्याच्या आधाराने ती उलगडून दिली, असे कवी सांगतो. (धाग्यात धाग्याची गोष्ट आली, याला माझा इलाज नाही.) पुढे सुमारे सत्तर ओळींनी, त्याच ठिकाणी, अंगात देव संचारलेली सिबिल गुहेतून भविष्य सांगू लागते, आणि तिच्या त्या गूढ, घुमणाऱ्या, सत्याला अंधारात लपेटणाऱ्या बोलांसाठी कवी पुन्हा 'अम्बागेस'च म्हणतो. वाटेची वळणे आणि वाणीची वळणे एका सर्गात, एका शब्दात. हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. चक्रव्यूह निरर्थक नसतो, त्याला मध्य असतो; फक्त तिथे सरळ जाता येत नाही.

पण माझ्या मते या शब्दाचा खरा इतिहास उलगडतो तो लिव्हीच्या ग्रंथात. तिथे दोन कथा आहेत आणि दोन्हींत हा शब्द आहे. जरा सविस्तर सांगते.

रोमचा सातवा आणि शेवटचा राजा टार्क्विनियस सुपर्बस, म्हणजे गर्विष्ठ टार्क्विन. गाबी हे जवळचे नगर त्याला लढून घेता येईना. तेव्हा त्याचा मुलगा सेक्स्टस, बापाने छळ केल्याचे सोंग करून, गाबीच्या आश्रयाला गेला. हळूहळू त्याने तिथल्या लोकांचा विश्वास मिळवला, सैन्याचे नेतृत्व मिळवले, आणि मग पुढे काय करावे हे विचारायला बापाकडे एक माणूस पाठवला. राजाचा त्या निरोप्यावर भरवसा बसला नसावा, असे लिव्ही म्हणतो. राजा उत्तर न देता विचारात पडल्यासारखा बागेत गेला. निरोप्या मागोमाग. राजा एक शब्द न बोलता येरझारा घालत राहिला आणि चालता चालता हातातील काठीने अफूची सर्वांत उंच बोंडे उडवीत गेला. वाट पाहून कंटाळलेला निरोप्या काम फसले असे समजून गाबीला परतला आणि जे पाहिले ते सांगितले. सेक्स्टसला सारे कळले. त्याने नगरातील प्रमुख माणसे एकेक करून संपवली : काहींना उघड खटला भरून, काहींना गुपचूप, काहींना परागंदा व्हावे लागले. गाबी न लढता रोमच्या हाती आले.

राजाच्या या कृतीसाठी लिव्ही जे शब्द वापरतो त्यांचा अर्थ होतो 'मूक अम्बागेस'. मुका वळसा. हत्येची आज्ञा दिली गेली, पण तिला साक्षीदार नाही. साक्षीदार आहे तो फक्त बागेत फिरणाऱ्या एका म्हाताऱ्याचा.

दोनच प्रकरणांनंतर दुसरी कथा येते. त्याच राजाचा भाचा ल्यूशियस ज्यूनियस ब्रूटस. राजाने रोममधील थोरामोठ्यांना मारले, त्यांत ब्रूटसचा भाऊही गेला. तेव्हा ब्रूटसने मंदबुद्धीचे सोंग घेतले. 'ब्रूटस' या नावाचा अर्थच जड, मठ्ठ. राजपुत्र डेल्फीला कौल घ्यायला निघाले, तेव्हा याला करमणुकीसाठी सोबत नेले. याने अपोलोला वाहिली ती एक साधी लाकडी काठी. पण ती आतून पोकळ होती आणि पोकळीत सोन्याची कांब होती. लिव्ही सांगतो, की ती काठी म्हणजे ब्रूटसच्या स्वतःच्या बुद्धीची वळशाने केलेली प्रतिमा होती. आणि 'वळशाने' यासाठी शब्द पुन्हा तोच. पुढे देववाणी झाली, की जो प्रथम आईचे चुंबन घेईल त्याच्या हाती रोमची सत्ता जाईल. राजपुत्र घरी जाऊन आईला भेटण्याच्या बेतात असताना ब्रूटसने अडखळून पडल्याचे नाटक केले आणि भूमीला ओठ टेकवले. परंपरेनुसार इसवी सनपूर्व ५०९मध्ये रोममधून राजे हाकलले गेले, ते याच ब्रूटसच्या पुढाकाराने.

हा सगळा इतिहास आहे का? अक्षरशः नाही. लिव्ही लिहितो ते ऑगस्टसच्या काळात, घटनांनंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी. बागेची कथा तर सरळसरळ ग्रीकांकडून घेतलेली दिसते. हेरोडोटसमध्ये मिलेटसचा थ्रॅसिब्यूलस हेच करतो, फक्त अफूऐवजी शेतातील सर्वांत उंच कणसे तोडतो, आणि निरोप्या येतो तो कॉरिंथच्या पेरियांडरकडून. ॲरिस्टॉटल ही कथा सांगतो तेव्हा भूमिका उलट्या होतात. फुटून गेल्याचे सोंग करून शत्रूच्या नगरात शिरण्याची युक्तीही हेरोडोटसच्या बॅबिलोनच्या कथेत आहे. तेव्हा टार्क्विनच्या बागेत नेमके काय घडले हे शोधण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो लिव्हीच्या शब्दयोजनेत. जुलमी राजाची आज्ञा आणि त्याला उलथवणाऱ्याचे मौन, या दोहोंसाठी त्याने एकच शब्द वापरला. म्हणजे रोमन कानाला हा शब्द निंदाही नव्हता आणि स्तुतीही नव्हता. वळसा कोण घेतो, कोणाच्या भीतीने घेतो, आणि तो कोणी उलगडावा अशी त्याची अपेक्षा आहे, यावर सारे अवलंबून होते.

इथे टॅसिटसची एक नोंद जोडते. यहुदींच्या युद्धाचे वर्णन करताना तो एका भविष्यवाणीचा उल्लेख करतो : जुडियातून निघालेली माणसे जगाची सत्ता घेतील. यहुदींनी ते भविष्य स्वतःविषयीचे मानले. टॅसिटसच्या मते तो 'अम्बागेस' व्हेस्पेशियन आणि टायटस यांच्याविषयी होता. इसवी सन ७०मध्ये जेरुसलेम पडले. अर्थात, वळणाचा खरा अर्थ कोणता हे इथे जेता ठरवतो आहे, हेही विसरायला नको.

मध्ययुगात हा शब्द इटालियन भाषेत 'अंबाजे' होऊन आला. दांते 'पॅराडिसो'च्या सतराव्या सर्गात तो वापरतो, तो नाकारण्यासाठी. दांतेला १३०२मध्ये फ्लॉरेन्समधून हद्दपार करण्यात आले होते. काव्यातला काळ मात्र १३००चा आहे. म्हणजे काव्यातील दांतेला ही गोष्ट अजून घडायची आहे. स्वर्गात त्याचा खापरपणजोबा काच्चाग्विदा त्याला भेटतो आणि हे भविष्य सांगतो. कसे सांगतो? जुन्या मूर्तिपूजक दैवज्ञांसारखे गूढ वळणांत नव्हे, तर स्पष्ट शब्दांत, असे कवी मुद्दाम नोंदवतो. तुला तुझे सर्व प्रिय सोडावे लागेल. परक्याच्या घरची भाकरी किती खारट आणि परक्याचे जिने चढणे-उतरणे किती जड, ते तुला कळेल. स्वर्गात वळशाची गरज नाही, कारण तिथे कोणाला कोणाचे भय नाही. हा सर्ग मी प्रथम वाचला तेव्हा खापरपणजोबाची प्रेमळ स्पष्टता मनात ठसली होती. आता वाटते, की ते बोल लिहिणारा दांते स्वतः त्या वेळी परक्यांच्या आश्रयाला होता, आणि पृथ्वीवर कोणापाशी किती स्पष्ट बोलावे याचा हिशेब त्याला रोज करावा लागत असणार.

इंग्रजीत शब्द आणला तो चॉसरने, १३८०च्या दशकात, 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' या दीर्घकाव्यात. त्याचे कथानक बोकाच्चोच्या 'फिलोस्ट्रातो'वर आधारलेले आहे आणि शब्दही तिथलाच. ट्रॉयचा ज्योतिषी काल्कस शत्रूला जाऊन मिळाला आहे. त्याची मुलगी क्रिसेड हिला कैद्यांच्या अदलाबदलीत ग्रीकांकडे पाठवण्यात आले आहे. ग्रीक वीर डायोमीड तिला वळवू पाहतो. ट्रॉयचा नाश अटळ आहे, तो म्हणतो, तुझे वडील आम्हांला 'अँबेजिस'ने फसवत नसतील तर. आणि इथे एक मौज आहे. शब्द वापरताच चॉसर त्याचा अर्थही सांगून टाकतो : दुहेरी, लबाड बोल; दोन तोंडांचा शब्द. श्रोत्यांना तो कळणार नाही हे कवीला ठाऊक होते. शब्द इंग्रजीत आला तो असा, स्वतःचा कोश सोबत घेऊन. आणि काल्कसवर संशय घेणारा हा डायोमीड स्वतः त्या वेळी काय करीत असतो? गोड, वळणदार बोलण्याने एका एकाकी मुलीला जाळ्यात ओढत असतो.

येथून दोनशे वर्षे पुढे येऊ.

१५८९मध्ये लंडनमध्ये 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' हा ग्रंथ छापला गेला. तो जॉर्ज पटनमचा मानतात. पुस्तकावर मात्र लेखकाचे नाव नाही. ग्रीक अलंकारांना देशी इंग्रजी नावे देण्याची या लेखकाला भारी हौस. उपरोधाला तो 'कोरडी टिंगल' म्हणतो, अतिशयोक्तीला 'हात फार लांबवणारा', आणि त्याच माणसाला 'मोठ्या आवाजाचा खोटारडा' असेही. पर्यायाने बोलण्याच्या अलंकाराला त्याने नाव दिले 'अँबेजचा अलंकार'. आणि कारण काय सांगतो? या अलंकारात थोडी सोंगबाजी असते, कारण मनातील हेतू शब्दांत दिसत नाही. ग्रंथ वरवर पाहता काव्यशास्त्राचा आहे. पण शेवटी शेवटी लेखक मान्य करतो, की दरबारी माणसाचा धंदाच मुळी चतुराईने सोंग वठवता येण्याचा आहे. निनावी पुस्तकात हे वाक्य वाचून हसू येते.

ते हसू फार टिकत नाही, कारण त्या पुस्तकाच्या दहा वर्षे आधी काय घडले होते ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. १५७९मध्ये एलिझाबेथ राणीच्या फ्रेंच राजपुत्राशी विवाहाची बोलणी चालू होती. जॉन स्टब्ज नावाच्या माणसाने त्या विवाहाला विरोध करणारे पुस्तक लिहिले. थेट, तळमळीने, राणीचे वय आणि देशाचे भवितव्य यांविषयी आडपडदा न ठेवता. त्या वर्षी ३ नोव्हेंबरला वेस्टमिन्स्टरमध्ये भर गर्दीत त्याचा उजवा हात तोडण्यात आला. पुस्तकाच्या वितरणाशी संबंध असलेल्या विल्यम पेजचाही. हात तुटल्यावर स्टब्जने डाव्या हाताने टोपी काढली, राणीचा जयजयकार केला आणि तो बेशुद्ध पडला. इतिहासकार विल्यम कॅमडेन तिथे हजर होता. जमाव नि:शब्द होता, असे त्याने लिहून ठेवले आहे.

त्याच विवाहाविरुद्ध कवी फिलिप सिडनीनेही राणीला पत्र लिहिले होते. तो सरदारपुत्र होता, पत्र छापलेले नव्हते, हस्तलिखित प्रतींतून फिरत होते, आणि भाषा दरबारी नम्रतेत घोळलेली होती. त्याचे हात शाबूत राहिले.

हे डोळ्यांसमोर ठेवून पटनमचा 'अँबेजचा अलंकार' पुन्हा वाचा. ते मग भाषेच्या सजावटीचे प्रकरण राहत नाही. हात शाबूत ठेवण्याची ती विद्या होती. आणि वळसा फक्त दुबळेच घेत होते असे नाही. पटनमने आपल्या ग्रंथात खुद्द राणीची एक कविता छापली आहे. ती स्कॉटलंडची राणी मेरी हिच्याविषयी आहे, पण मेरीचे नाव कुठेही नाही. फक्त कलह पेरणारी एक कन्या आहे. शेवटी राणी सांगते, की तिची गंजत पडलेली तलवार बदल इच्छिणाऱ्यांचे शेंडे छाटील. शेंडे. मला त्या जागी टार्क्विनची बाग आठवल्याशिवाय राहत नाही. ही माझी जोडणी आहे, राणीच्या मनात लिव्ही होता असा माझा दावा नाही. तिचे लॅटिन मात्र उत्तम होते.

त्या पिढीच्या इंग्रजीत आडवळणासाठी शब्दांचे भांडारच होते. 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस आपल्या माणसाला पॅरिसला पाठवतो, स्वतःच्याच मुलावर पाळत ठेवायला. त्या प्रसंगी तो 'विंडलस' हा शब्द वापरतो. शिकाऱ्याने सावजाच्या मागे न धावता लांबचा फेरा घालून त्याला पुढून गाठणे, असा तिथे त्याचा अर्थ. जोडीला गोट्यांसारख्या एका खेळातील शब्द येतो : चेंडूला एका अंगाने जड ठेवतात, म्हणजे तो वाकडा जाऊन नेमका जागी पोहोचतो. फ्रान्सिस बेकनच्या धूर्तपणावरील निबंधात तर एक असा गृहस्थ आहे, जो पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ताजा कलमात, जाता जाता आठवल्यासारखी लिहितो. (आपल्यातील काहींना हा गृहस्थ परिचित वाटेल.)

मग ही विद्या बदनाम कशी झाली? एक मोठे कारण धर्माचे होते. इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मोपदेशकांना आश्रय देणे गुन्हा होता. घरात पाद्री आहे का, असे शिपायांनी विचारले तर खोटे बोलणे पाप, आणि खरे बोलणे म्हणजे एका माणसाला फासावर देणे. या पेचातून वाट काढणारी एक शिकवण होती : उत्तराचा अर्धा भाग मोठ्याने म्हणावा, उरलेला मनात, देव पूर्ण वाक्य ऐकतो. १६०५च्या गनपावडर कटानंतर जेझुइट हेन्री गार्नेट पकडला गेला, तेव्हा याच शिकवणीवरचे एक हस्तलिखित खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरले गेले. ३ मे १६०६ रोजी त्याला देहान्त शासन झाले. त्यानंतर 'द्व्यर्थी बोलणारा' ही शिवी झाली. 'मॅकबेथ'मधील दारवान नरकाच्या दारात अशाच एका माणसाचे स्वागत करतो, आणि त्याच नाटकातील चेटकिणींचे अक्षरशः खरे, तरीही फसवे बोल हे सिबिलच्या 'अम्बागेस'चे थेट वारस आहेत.

दुसरे कारण विज्ञानाचे. १६६७मध्ये टॉमस स्प्रॅटने रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिला. त्यात फुलवलेल्या, फिरवलेल्या भाषेवर झोड उठवून, जितक्या गोष्टी तितकेच शब्द अशी साधी भाषा सभासदांनी वापरावी हा आदर्श त्याने मांडला. त्याच शतकाच्या अखेरीस जॉन लॉक 'अँबेजिस' हा शब्द वापरतो, पण आता तो नुसता लांबलचक वर्णनाचा वळसा आहे : गुंतागुंतीच्या कल्पनेला एक नाव दिले, की तो वाचतो. भय गेले, देववाणी गेली, दोन तोंडे गेली. उरली वेळेची नासाडी. १७५५मध्ये डॉ. जॉन्सनच्या कोशात शब्द येतो तो शब्दांचा फेरा, शब्दबाहुल्य, अप्रत्यक्ष बोलणे अशा अर्थांनी.

पुढची कथा थोडक्यात. इंग्रजीने याच अर्थासाठी 'सर्कमबेंडिबस' हा एक चेष्टेखोर शब्द घडवला. 'भोवती' या अर्थाचे लॅटिन तोंड, 'वळण' या अर्थाचे इंग्रजी पोट आणि लॅटिन विभक्तीची शेपटी. गोल्डस्मिथच्या १७७३मधील प्रहसनात टोनी लंपकिन आपल्या आईला रात्री गाडीतून घराभोवतीच गोल गोल फिरवून शेवटी डबक्यात नेऊन अडकवतो, तेव्हा हा शब्द वापरतो. डिकन्सने 'लिटल डॉरिट'मध्ये (१८५५–५७) एक सरकारी खातेच काढले : 'सर्कमलोक्यूशन ऑफिस', म्हणजे वळशाचे कार्यालय, जिथे कोणतेही काम कसे करू नये याचे शास्त्र जोपासले जाते. 'अँबेजिस'ला आता काही कामच उरले नव्हते.

ही सरळ भाषेची बाजू मी हिणवत नाही. प्रयोगशाळेत, न्यायालयात, पाठ्यपुस्तकात मला स्प्रॅटचीच भाषा हवी आहे. पण सरळ बोलता येणे ही सवलत आहे आणि ती सर्वांना सारख्या प्रमाणात मिळत नाही, हे त्या आदर्शात कुठे लिहिलेले नसते. आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण सासूच्या वळशाची आहे. सुनेच्या वळशाची म्हण नाही.

वळसा मात्र होता. माझ्या पणजीची एक गोष्ट आजी सांगत असे. स्वातंत्र्यापूर्वीचा काळ. पणजीला लिहिता येत नव्हते. माहेरी पोस्टकार्ड जाई ते धाकटा दीर लिहून देई, आणि टाकण्याआधी ते ओसरीवर मोठ्याने वाचले जाई. एकदा नेहमीचा मजकूर सांगून झाल्यावर, इकडील सर्व क्षेम आहे वगैरे, तिने शेवटी एक ओळ घालायला लावली : कपिला आता दूध किती देते? कोणाला त्यात वावगे वाटले नाही. कपिला गाय पणजीच्या लग्नाआधीच मेली होती. कार्ड मिळताच तिचा मोठा भाऊ निघाला आणि 'आईला बरे नाही, भेटायला बोलावले आहे' असे सांगून तिला घेऊन गेला. तो असा न येता तर काय झाले असते, हे आजी सांगत नसे. तिथे तीही वळसाच घेई.

ते कार्ड आज कोणाकडे नाही. पण असते, आणि एखाद्या दफ्तरखान्यात पोहोचले असते, तर तिथल्या सूचीत त्याची नोंद काय झाली असती? कौटुंबिक पत्र, मजकूर किरकोळ, पशुधनाचा उल्लेख. नोंद अचूकच असती. लॉकच्या अर्थाने वाचले तर ती शेवटची ओळ पाल्हाळ आहे. लिव्हीच्या अर्थाने वाचले तर सगळे पत्र त्या एका ओळीसाठी लिहिलेले आहे. अशी वाक्ये ओळखण्याची खात्रीची युक्ती मला ठाऊक नाही. प्रत्येक गाय गुप्त संदेश नसते. तसे मानू लागलो तर आपण जेरुसलेमच्या भविष्याप्रमाणे हवा तो अर्थ काढत बसू. मी सध्या एवढेच करते : साधनात जागा चुकल्यासारखे दिसणारे वाक्य आले, की ते गाळत नाही, ते कोणासमोर लिहिले गेले आणि कोणाच्या हाती पडायचे होते, ते शोधते.

लिव्हीच्या कथेतील निरोप्या मला अलीकडे फार आठवतो. लिव्ही त्याचे नावही देत नाही. त्याला काही कळले नव्हते, आपली खेप फुकट गेली असेच तो समजत होता. तरी गाबीला परतल्यावर त्याने 'राजा काही बोलला नाही' एवढ्यावर काम उरकले नाही. राजा बागेत गेला, फिरत राहिला, त्याच्या हातात काठी होती, आणि पडली ती सर्वांत उंच बोंडे होती, हेही त्याने सांगितले.